सिवणीच्या लाकडाची देवी

शिरपूर,
१४ नोव्हेंबर १९५८

प्रिय अभिमन,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची सुरुवात तशी करायची असते म्हणून. नानांनी तसं शिकवलं होतं. दुकानात कोणी बसलेलं असेल तर आधी त्याला जाऊ दे आणि हे एकट्याने वाच.

तुझं पत्र मिळालं. जाड पिवळसर कागद, वर निळ्या अक्षरांत तुझं नाव, खाली 'मूर्तिकार व पुरातन कलावस्तूंचे जाणकार'. पोस्टमनने ते हातात देताना विचारलं, "अक्का, भाऊ डॉक्टर झाला का?" मी म्हटलं, "हो, देवांचा. धडधाकट देव आणून द्या, तो आजारी पाडून देतो." त्याला काही उमगलं नाही. तुला उमगेल. तू जे विचारलंयस त्याचं उत्तर शेवटी देते. आधी मला थोडं बोलायचंय, आणि तुझ्यासमोर बसून बोलायची वेळ तू कधी येऊ दिली नाहीस.

इथलं ठीक आहे. नानांच्या कामाच्या पडवीत आता मी बसते, रस्त्याकडे तोंड करून. सुरुवातीला लोक थांबून बघायचे. समोरच्या कुंदाबाईंनी तर तोंडावर सांगितलं की बाईने देवाच्या छातीवर पटाशी चालवू नये. मी म्हटलं, मग देवाला बाईने न्हाऊ तरी का घालावं? दोन दिवस त्या फुगून बसल्या. आता रोज दुपारी येतात, लाकडाच्या ढलप्या चुलीला म्हणून गोळा करतात आणि कानबाईची गाणी म्हणतात. आवाज भयंकर आहे, पण सोबत होते. सध्या एका मठासाठी गरुड करतेय. साग चांगला मिळालाय. पंख लाकडातून सुटे व्हायला लागलेत.

गरुडावरून आठवलं. नाना रथावरचा गरुड करत होते तेव्हा डावा पंख त्यांनी तुझ्याकडे दिला होता. तुझी पटाशी घसरली आणि एक पीस तुटलं. तू सरसात भुसा कालवून ती जागा भरलीस, वर रंग चढवलास आणि नानांना म्हणालास, "बघा, कसं जमलंय." नानांना मोतीबिंदूने अर्धंच दिसायचं. त्यांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. रथ पहिल्याच वर्षी उन्हात फिरला, सरस सुटला आणि पीस खाली गर्दीत पडलं. तेव्हा तू म्हणालास, लाकूडच कच्चं होतं. हात सगळ्यांचेच घसरतात रे, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण फसवणूक खपल्यावर तुझ्या तोंडावर जो आनंद आला होता, तो मी पाहिला. काम मनासारखं झालं म्हणून तू तसा कधी हसलेला मला आठवत नाही.

नाना गेल्यावर तू मला जळगावला नेलंस. चारचौघांत सांगितलंस, बहिणीला सासरच्यांनी टाकलंय, माझ्याशिवाय तिला कोण आहे? मीही उपकार मानले. मग मागच्या खोलीत नानांची हत्यारं दिसली, धार गेलेली, गंज चढलेली, आणि लक्षात आलं की स्वयंपाकाला तुझी बायको लता होतीच, तुला माझे हात हवे होते. असू दे. हातांना काम मिळालं म्हणून मी खूश होते. पुढे रेशमी सदरा घालून तू बसायचास आणि मागे मी कोरायचे. लक्ष्मीचं तोंड कॅलेंडरातल्या नटीसारखं कर म्हणायचास. मी करायचे नाही, तर रंगवताना तू तिच्या भुवया बारीक करायचास. बिचारी लक्ष्मी! तुझ्या दुकानातून गेलेली प्रत्येक लक्ष्मी आत्ताच रडून उठल्यासारखी दिसायची.

मग तुला जुन्याचं वेड लागलं. मुंबईचे शेठ जुनी लाकडी मूर्ती मागतात म्हणून तू नवीच्या जुन्या करायला लागलास. परसातल्या शेणखताच्या खड्ड्यात देव पुरायचे, वर काढून धूर द्यायचा, चिंचेचं पाणी चोळायचं, दाभण तापवून किडीची भोकं पाडायची. माझ्या हातचा विष्णू होता, शंख धरलेली बोटं मी किती जपून काढली होती. त्याचा हात तू हातोड्याने मोडलास. मोडण्याआधी तोंडातली विडी काढून बाजूला ठेवलीस, तुझी भक्ती काय ती मी तेवढीच पाहिली. चुकून तडा गेला तरी मूर्ती तापीत सोडून येणाऱ्या बापाचा तू मुलगा. मी ओरडले तेव्हा तू समजुतीच्या सुरात म्हणालास, "अक्का, मोडल्याशिवाय किंमत येत नाही." हे तू स्वतःविषयी बोलला असतास तर मी लगेच मान डोलावली असती.

तरी तोवर देव आपले होते, लाकूड आपलं होतं, आणि शेठ लोकांना फसवून घ्यायची हौस होती. मग बोरझिरीची माणसं आली.

तुला ती आठवतही नसतील, म्हणून सांगते. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, नानांना ओळखणारं. त्यांची देवी झिरीमाय, सिवणीच्या लाकडाची, गुडघ्यापेक्षा थोडी उंच. रंग उडाला होता आणि एक पाऊल कुजलं होतं. म्हाताऱ्या धुरपदाबाईने तिला नव्या लुगड्यात गुंडाळून मोटारीत मांडीवर घेऊन आणलं होतं, आजारी लेकीला आणावं तसं. जाताना तिने देवीच्या गालावरून हात फिरवला आणि तुला म्हणाली, "भाऊ, माय तुना घर शे. तिले एकली ठेऊ नको." तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "आमचीही आईच आहे ती." म्हातारीने तुझी अलाबला घेतली. आणि ती स्टँडवर पोचली नसेल, तोवर तू मुंबईच्या तुझ्या शेठला तार करायला गेलास.

परत येऊन मला सांगितलंस, गावाला नवी करून देऊ, रंगवलेली, त्यांना काय कळतंय, चकचकीत दिसली की झालं. मी 'बरं' म्हणाले. मी इतक्या सहज 'बरं' म्हणाले याचं तुला नवल वाटायला हवं होतं. तुला वाटलं, अक्का सुधारली.

मी तिच्यासमोर बसले आणि तिची नक्कल करायला लागले. तिला कोणी घडवलं देव जाणे. तिचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जरासा मोठा होता. कोणी मागून हाक मारावी आणि तिने वळून बघावं, तशी नजर. तू एकदा येऊन म्हणालास की करणाऱ्याची चूक आहे ती. त्यानंतर तू तिच्याकडे पाहिलंच नाहीस. मी तो डोळा काढायला फार धडपडले. लाकूड फुकट गेलं, पुन्हा नवं घेतलं, पण हाताला तो येईना. शेवटी दोन्ही डोळे सारखे केले आणि सोडून दिलं. बाकी सगळं हुबेहूब झालं होतं.

मग शेठला घेऊन यायला तू मुंबईला गेलास. जाताना सांगून गेलास, नवी रंगवून ठेव, जुनी पुसून खोक्यात गवतात भरून ठेव. लता दुपारी शेजारी पापड लाटायला जायची. भर उन्हात, परसाचं दार उघडं टाकून, मी माझं काम केलं. झिरीमायचं कुजलेलं पाऊल काढून सिवणीचंच नवं बसवलं, सांधा दिसणार नाही असं, आणि तिला नखशिखांत रंगवलं. हिरवं लुगडं, हळदीचं तोंड, कपाळभर कुंकू. आणि माझ्या नव्या कोऱ्या मूर्तीला धूर दिला, चिंचेचं पाणी चोळलं, दाभणाने भोकं पाडली, पाऊल कोरून कुजल्यासारखं केलं. सगळी तुझीच विद्या. फक्त हात मोडला नाही, तेवढं माझ्याने झालं नसतं. मग तिला खोक्यात भरलं.

आता कळतंय का, अभिमन? की अजून एकदा वाचायला हवं? शेठकडे आहे ती माझी आहे.

शेठ आला तेव्हा खोकं तूच उघडलंस. तिच्या कपाळावरून बोटं फिरवलीस, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "शेठ, हे बघा. असं काम आज कोणाच्या हातून होणे नाही." मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. हसू दाबता दाबता ठसका लागला, लता पाणी घेऊन धावत आली. आयुष्यात तू माझ्या कामाची केलेली ती एकच स्तुती! इतके दिवस मूळ मूर्ती तुझ्या छपराखाली होती, तू तिच्यासमोरून जात-येत होतास, जेवत होतास, झोपत होतास, आणि तुला तिचे डोळे माहीत नव्हते. जाणकार!

बोरझिरीची माणसं न्यायला आली, तेव्हा धुरपदाबाई रंगाकडे बघायलाच तयार नव्हती. ती वाकली आणि तोंडाशी तोंड नेऊन बघत राहिली. तू मागे घाबरून उभा होतास, मला दिसत होतं. मग ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "हाई आपलीच माय शे. रंग नवा शे, नजर तीच शे." आणि तू माझ्याकडे बघून डोळा मिचकावलास. एका म्हातारीला तिच्या देवीबद्दल फसवलं, असं समजून तू डोळा मिचकावलास. गरुडाच्या पिसावेळचंच हसू होतं ते. त्यानंतर तुझ्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरेना. कानबाईचा सण म्हणून शिरपूरला आले आणि परत आले नाही. लताला वाटतं तिचं काही चुकलं. तिला सांग, तिचं काही चुकलेलं नाही, तिचं नशीब तेवढं चुकलं.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तू लिहितोस की बोरझिरीच्या देवीचं काम इतकं नावाजलं, की पलीकडच्या गावाने आपला लाकडी खंडेराव विश्वासाने तुझ्याकडे रंगवायला आणून दिलाय. शेठलाही तो पसंत आहे. आणि पुढे, "अक्का, लवकर ये, नक्कल तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही." येते. सोमवारी सकाळच्या मोटारीने येते, पण एकटी येत नाही. काल मी त्या गावी गेले होते. निंबा पाटलांच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन, आपल्या नानांचं नाव घेऊन. तरणी पोरं काठ्या घेऊन उठली. मी त्यांना बसवलं. पाटील येतील, चार माणसं येतील, आणि धुरपदाबाईही येतेय, ती कोणाचं ऐकत नाही. मधल्या दिवसांत दुसरा कोणी कारागीर गाठून घाई करू नकोस, खंडेराव मी त्यांच्या देवळात पूर्वी पाहिलेला आहे, नक्कल लगेच ओळखेन. त्याला ओरखडा न लागता, आहे तसा, उडालेल्या रंगासकट, पुढच्या खोलीत पाटावर ठेव. रंग मी त्यांच्या देवळात, त्यांच्यासमोर बसून देईन. शेठला काय सांगायचं ते तू बघ. आम्ही जेवायला थांबणार नाही. आणि दार उघडायला लताला पाठवू नकोस, तू ये. त्या माणसांनी मला विचारलंय, हा तुमचा सख्खा भाऊ का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. सोमवारी तू दारात कसा उभा राहतोस ते बघून देईन.

तुझीच, कारण एवढं एक तासून टाकता येत नाही,
अक्का