मागचा कॅमेरा

प्रिय प्रशिक,

पत्र पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद काढला. कागदाला मध्येच "हो आई, कळलं आई" म्हणता येत नाही. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, पण तो लगेच लावायचा नाही. आधी हे सगळं वाचायचं.

रविवारी तुझा मावसभाऊ वैभव माझी गाडी न्यायला आला होता. आता ती त्यांच्याकडे कामठीलाच राहील, असं तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत म्हणे. बिचारा दारातच अवघडून उभा राहिला. "मावशी, चावी दे ना वं, दादा माह्यावर चिडून राहिला," म्हणाला. मी त्याला तर्री-पोहे खाऊ घातले, वरून चहा पाजला आणि चावी माझ्या कमरेलाच राहू दिली. वैभववर रागावू नकोस, त्यानं पोटभर खाल्लं एवढाच त्याचा गुन्हा.

गेल्या ऑक्टोबरमध्ये तू आला होतास, ते आठवतं? दीक्षाभूमीवरून परत आलो आणि तू अंगणात तासभर गाडीत बसून मला कॅमेरे शिकवलेस. एक पुढे, एक मागे, दोन आरशांखाली. तसे ते पार्किंगसाठी असतात, पण पेनड्राइव्ह खोचला आणि पडद्यावर एक खूण दाबली की गाडी सुरू असेपर्यंत चारही बाजूंचं चित्रण होत राहतं. वेगळा डॅशकॅम घ्यायलाच नको. तू म्हणालास, "उद्या कुणी तुझ्यावर आळ घेतला तर पुरावा राहील, आई." मी शेजारच्या सिंधूताईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, पोराला माझी किती काळजी आहे बघ. मनात एक शंकाही होती, की हा लबाड माझंच ड्रायव्हिंग तपासणार. म्हटलं, तपास बापा, मी काही घाबरत नाही.

आणि त्याच दिवशी तू मला हसला होतास. गाडी मागे घ्यायच्या आधी मी हँडब्रेक ओढून खाली उतरते, मागे जाऊन बघते, मग परत बसते, यावरून. "मग हा पडदा काय शोभेला आहे का?" म्हणालास. अरे, जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली मी. नरखेडच्या स्टँडवर संत्र्यांच्या पेट्या, मोटारसायकली, लहान पोरं, सगळं बसच्या मागेच असायचं. बस मागे घ्यायची तर कंडक्टरनं खाली उतरायचं, मागे उभं राहून हात दाखवायचा, पत्र्यावर थाप मारायची. त्याशिवाय ड्रायव्हर गिअरला हात लावत नसे. आता माझ्या गाडीत ड्रायव्हर मीच आणि कंडक्टरही मीच. ती सवय काही सुटत नाही आणि मला ती सोडायचीही नाही.

आता त्या दिवसाचं. तुला एवढंच ठाऊक आहे, की मनीषनगरात पिठाच्या गिरणीसमोर तुझ्या आईनं गाडी मागे घेतली आणि कुणाच्या तरी मोठ्या पांढऱ्या गाडीवर आदळली. हे तुला सांगितलं कुणी? त्या पांढऱ्या गाडीवाल्यानं. मी त्याला ओरडून सांगत होते, की मी गाडीत नव्हतेच. त्यावर जमलेली माणसं हसली. "मग गाडी काय आपोआप मांगं आली काय वं?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "बाईमाणूस चालवून राहिली, अजून काय होईन!" गिरणीवाला नत्थू आत दळणात होता, त्याला त्या घरघरीत काही ऐकूच आलं नव्हतं. गाडीवाल्यानं विचारलं, "घर में कोई आदमी है क्या? उसको लगाओ." मी तुला फोन लावला. मला वाटलं, माझा मुलगा आधी विचारेल, आई, तुला लागलं का?

त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, स्पीकर लावून आपलंच सांगितलं, आणि तू काय म्हणालास ते सगळ्यांनी ऐकलं. "सॉरी भाऊ. आईचं आता वय झालंय. मी तिची गाडी बंदच करतो."

तोवर बाहेर आलेल्या नत्थूनं मान खाली घातली. भर बसमध्ये प्रवाशांनी शिव्या दिल्या तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं, प्रशिक. रडू मात्र आलं नाही. संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

घरी येऊन मी पेनड्राइव्ह काढला आणि टीव्हीला लावला. सिंधूताई शेजारी बसली होती. मी पुढच्या कॅमेऱ्याचंच चित्र लावून बसले, त्यात नुसती गिरणीची भिंत. शेवटी तीच वैतागली. "सरिते, धडक मांगून बसली ना? मंग भिंत काहून पाहून राहिली? मांगचा लाव!" मागचा लावला. त्यात दिसली मी. गाडीच्या मागे उभी, एक हात वर केलेला, एसटीत करायचे तस्सा. गाडी जागची हललेली नाही. रस्त्याच्या उलट्या बाजूनं ती पांढरी गाडी येते. चालवणाऱ्याची मान मोबाइलमध्ये. मी दोन्ही हात वर करते. मग मी बाजूला उडी मारते, गिरणीच्या पायरीवर पडते, आणि मी जिथं उभी होते तिथं ती गाडी आपल्या गाडीला ठोकते. सिंधूताईनं माझा हात घट्ट धरला तो बराच वेळ सोडला नाही. कोपर सोललंय, आता खपली धरली आहे. हे तुला आधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. आणि सांगितलं असतं तर तू घाबरून चावी मागितली असतीस, इतकाच फरक.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. स्वतः गाडी चालवत. हवालदारांनी चित्रण पाहिलं, पुन्हा एकदा लावायला सांगितलं आणि त्या माणसाला बोलावून घेतलं. पडदा बघून त्याचा चेहरा उतरला, पण जीभ काही उतरली नाही. म्हणाला, "इनके बेटे ने खुद माफी मांगी थी, साहब. गलती नहीं थी तो सॉरी क्यों बोला?" चार कॅमेरे माझ्या बाजूनं बोलत होते, आणि त्याच्या बाजूनं एकच साक्षीदार होता. तू.

तर हे पत्र त्यासाठी आहे. आता पेनड्राइव्ह लाव आणि मागचा कॅमेरा बघ. बघून झाल्यावर मला फोन करून रडायचं नाही. त्या माणसाचा नंबर मी ठाण्यातून घेऊन पाकिटाच्या मागे लिहिला आहे, त्याला फोन लाव. मलाही त्यात घे, आणि मी इथं स्पीकर चालू करून गिरणीसमोर उभी राहीन, नत्थूला घरघर थांबवायला सांगेन. सगळ्यांसमोर म्हण, की माझ्या आईच्या वतीनं मी मागितलेली माफी मी परत घेतो. माझ्याकडे नंतर माग, घाई नाही. पुढच्या वेळी नागपूरला येशील तेव्हा स्टेशनवर घ्यायला मीच येईन, आणि गाडी मागे घेताना तू खाली उतरून मागे उभा राहशील.

तुझीच, अजून गाडी चालवणारी,
आई