शेजारच्या पेट्या

मुरुम मुक्कामी शांताक्कांना सारजाचा पायाला हात लावून नमस्कार. आमी इकडं धड हाव. तुमचा गुडघा कसाय ते लिवा. (लेकाला लिवाया लावू नका, त्यो "बरंय" लिवून मोकळा व्हतो.)

कामाचं आदी सांगती. गुरुवारी वायफायवाले रणधीर सायेब तुमच्या घरावरची वायफायची पेटी उतरवणार हायेत, आन् त्याला कारण मीच.

गावात अकरा जागी पेट्या बसवल्या. ग्रामपंचायतीची किल्ली माझ्याकडं, झाडलोट माझी, म्हणून पेट्यांचा कारभारबी माझ्याच गळ्यात. सायबांनी कॉम्प्युटरवर दावलं, एकेकीला सांगत बसायचं न्हाय, गट करायचे. गटाला सांगितलं की सगळ्या पेट्या ऐकत्यात. (माणसं आशी ऐकली आसती तर आमचा बचत गट मोडला नसता.) "मावशी, शेजारशेजारच्या एका गटात घाला," म्हणले आन् गेले. म्या घातल्या. मारुती गल्लीच्या गटात तुमी, मी, हणमंतप्पा.

मग परीक्षा आली. हेडमास्तर म्हणले, शाळेजवळच्या पेट्या तीन तास बंद ठेवा. शाळेला लागून माझंच घर, म्हणून म्या माझा गट बंद केला. तर शाळेमागं गफारभाईची पेटी चालूच (ती वेशीकडच्या गटात), पोरं तिकडच्या खिडक्यांना चिकटलेली. आन् गावाच्या दुसऱ्या टोकाला हणमंतप्पाचा तुरीचा भाव बघता बघता अडकला. आला तणतणत. "सारजे, परीक्षा शाळेची, तर मला कशापायी बसवलीस?"

सायबांनी येऊन नकाशा बघितला. "मावशी, या तीन पेट्या गावाच्या तीन टोकांना आहेत. शेजारी कशा?" म्हणलं, भूकंपाच्या आदी भिंतीला भिंत हुती. नव्या गावात जमिनीच्या मापानं घरं दिली, गल्ल्या इस्कटल्या. तीस वर्सं उलटली, पर कुणी शेजार इचारला की माझं बोट तिकडंच जातंय. सायबांनी मग गट मोडले. (एका बोटानं मोडत्यात.)

मोडताना त्यांना दिसलं, तुमच्या पेटीला चार म्हयन्यांत एकबी मोबाईल जोडला न्हाय. जोडणार कोण, घराला कुलूप. म्हणून ती काढून दुसरीकडं लावणार.

तुमची सारजा

ता.क. बुधवारी मोबाईल घेऊन या, आठ दिस ऱ्हावा. पेटीवर एक मोबाईल जरी दिसला तरी उतरवणार न्हाय, आसं सायबांकडून कबूल करून घेतलंय.

आनी एक. मोबाईल नसला तरी या. पेटी गेली खड्ड्यात. सवयीनं तुमच्या दारापातुर जाती, कुलूप बघून माघारी फिरती, त्याचा आता कटाळा आलाय.