फिल्मवरचा डाग

३ मार्च

नाही म्हणून सांगितलं. सरांच्या तोंडावर.

लेसरचा झोत केसाहून पातळ पत्र्यावर आदळला की त्यातून इलेक्ट्रॉन उधळतात. पुढचं चुंबक त्यांना वळवतं – मंद ते जास्त, वेगवान ते कमी – आणि फिल्मवर पट्टा उमटतो. गणिताप्रमाणे तो जिथे संपायला हवा, त्याच्याही पुढे माझ्या अकरा फिल्मवर एक डाग आहे. म्हणजे कुणाला अपेक्षितही नाहीत इतके वेगवान इलेक्ट्रॉन! सर म्हणतात, क्ष-किरणांचा कचरा. "तेवढा भाग कापून लेख पाठव."

का कापू?

४ मार्च

ताईचा फोन. "प्रबंधावर सही त्यांचीच लागते ना? मग कशाला वाकड्यात शिरतेस?" म्हटलं, सही त्यांची, प्रबंध माझा. मग ती, "जेवलीस का?"

७ मार्च

चुंबक उलटं बसवायचं! इलेक्ट्रॉन असतील तर डाग पलीकडच्या बाजूला जाईल. क्ष-किरण चुंबकाला भीक घालत नाहीत; त्यांचा डाग जागचा हलणार नाही.

सर म्हणाले, "निर्वात कक्ष उघडायचा म्हणजे दोन दिवस गेले. तुझ्या वाट्याच्या लेसरच्या दिवसांतून घे." माझे चारच उरलेत. घेतले.

१० मार्च

वर्कशॉपमधले फिटर, ज्यांना सगळे पानाकाका म्हणतात, ते आले. बोल्ट गंजून बसलेले. दोघांची बोटं सोलली.

"आणि तुझंच म्हणणं उलटलं तर?"

"तर मीच डाग कापीन."

"मग धर नीट."

१२ मार्च

सहा वेळा झोत मारला. सहाही वेळा डाग पलीकडे.

पानाकाकांनी फिल्म उजेडात धरली. "एवढ्याशासाठी?"

एवढ्याशासाठीच.

सहाही फिल्म सरांच्या टेबलावर मांडल्या, शेजारी लेख – डागासकट. माझं नाव आधी, त्यांचं नंतर. त्यांनी लेख ठेवून घेतला. मी एक ओळ बदलणार नाही.

१३ मार्च

सरांकडून लेख परत आला. एकही दुरुस्ती नाही. फक्त त्यांनी स्वतःचं नाव खोडलेलं. भांडायच्या तयारीनेच त्यांच्या खोलीत गेले.

"बावीस वर्षांपूर्वी माझ्याही फिल्मवर होता," सर म्हणाले. "मी कापला."