समोरच्या कुंदाकाकू

५ एप्रिल २०२१
आले एकदाची घाटकोपरला! पंतनगरातली जुनी चार मजली इमारत, तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. माझं एकटीचं. अंबादासमामांच्या ओळखीने मिळालं. वाशिमहून निघताना आई म्हणाली, लोक मुंबई सोडून पळतायत आणि तू तिकडेच चाललीस. पण बँकेतली नोकरी काही आपली वाट बघत बसत नाही. दिवसाआड शाखेत जायचं, बाकी घरी. पाणी सकाळी झकास येतं. खिडकीला गुलमोहर आहे. जिन्यात भेटलेल्या तीन माणसांपैकी एकही बोललं नाही. मास्कवरून नुसते डोळे बघितले आणि भिंतीला चिकटून बाजूला झाले. चालायचंच.

७ एप्रिल
शेजार मिळाला. सकाळी दुकानं उघडी असतात तेवढ्यात भाजी आणायला निघाले, तर जिन्याच्या वळणावर एक बाई उभ्या. हिरवं फुलाफुलांचं लुगडं, निळा मास्क, हातात रिकामी पिशवी. "काय गो, नवीन इलंस?" म्हणाल्या. कुंदा राणे, माझ्या समोरच्याच दारात राहतात. मूळच्या कणकवलीच्या. नवरा हॉस्पिटलात आहे, घरी एकट्याच. मी कुंदाकाकू म्हणायला लागले.

बाजारापर्यंत बरोबर आल्या. अंतर ठेवून, मागे मागे. आणि शिकवणी सुरू. दुकानाच्या काउंटरला हात टेकू नको. पिशवी दाराबाहेरच रिकामी कर. भाजी मिठाच्या पाण्यात. दिव्याचं बटण काडेपेटीच्या काडीने दाब, काडी टाकून दे. दुधाची पिशवी साबणाने धू, मग फाड. मी हसले तर म्हणाल्या, हसू नको, एका बाईच्या हातून एकदाच चूक झाली, मेथीची जुडी घेताना मास्क खाली केला, भैयाला ऐकू जाईना म्हणून. तेवढंच पुरलं.

आईला फोनवर सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला.

११ एप्रिल
रोज बरोबर असतात. स्वतः काहीच घेत नाहीत, पिशवी रिकामीच परत. विचारलं तर म्हणतात, घरात कोण खाणारं आहे.

आज एक गोष्ट खटकली. उन्हात माझा मास्क भिजून नाकाला चिकटला होता, चष्म्यावर वाफ. त्यांच्या मास्कचं कापड मात्र सपाट. बोलताना आत-बाहेर होत नाही. आणि आज त्या अगदी खांद्याजवळ उभ्या होत्या. मी सरकले, तर त्याही सरकल्या.

१४ एप्रिल
जयंती. यंदा मिरवणूक नाही, घरीच. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. खीर केली. वाटीभर कुंदाकाकूंच्या दाराशी ठेवली. त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. म्हटलं, कुठे गेल्या असतील.

१५ एप्रिल
वाटी तशीच. मुंग्या. कुलूपही तसंच, आणि त्यावर धूळ. आज पहिल्यांदा नीट बघितलं. तरी सकाळी त्या जिन्यात होत्याच. खीर छान झाली होती म्हणाल्या.

१६ एप्रिल
तळमजल्यावरच्या शकुमावशींना विचारलं. इमारतीच्या जुन्या रहिवासी, सगळ्यांना ओळखतात. खिडकीच्या आतूनच बोलल्या. राण्यांची कुंदा? ती होळीच्या आदल्या दिवशी गेली. नवरा-बायको दोघांनाही नेलं होतं, तो वाचला. तू कुणाबद्दल विचारतेस?

मी सांगितलं. मावशींनी खिडकी लावून घेतली.

त्या मार्चमध्येच गेल्या. मी आले एप्रिलमध्ये.

१८ एप्रिल
कालपासून भाजी आणली नाही. तांदूळ आहेत, डाळ आहे. बँकेत कळवलं, ताप आहे म्हणून.

दुपारी समोरचं कुलूप निघालं. सीतारामकाका परत आले, कुंदाकाकूंचे यजमान. काठीसारखे झालेत. दारातून दारात बोललो. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं होतं. मला वाटलं रागावतील. ते लुगड्याचा रंग विचारत होते. हिरवं म्हटल्यावर खाली उंबऱ्यावरच बसले. तेच नेसून हॉस्पिटलात गेली होती, म्हणाले.

त्यांना तिचं तोंड दाखवलंच नाही. ते स्वतः ऑक्सिजनवर होते. प्लास्टिकात बांधलेलं कुणीतरी जाळलं, नाव लिहिलेलं होतं, बस. "नावच चुकलं असेल तर?" म्हणाले. "ती जिवंत असेल, डोकं फिरलं असेल बिचारीचं. घर शोधत असेल."



२० एप्रिल
दारावर टकटक. "चल गो, बाजार बंद होईल." मी उघडलं नाही. काका त्यांच्या दारामागेच बसून होते. नंतर म्हणाले, काहीच ऐकू आलं नाही.

२१ एप्रिल
काकांनी फोटो आणून दिला. गोल चेहरा, पुढच्या दोन दातांत फट, हसताना हनुवटीला खळी. हात जोडून म्हणाले, माझ्याकडे येत नाही ती, तुझ्याकडेच येते. एकदाच तिला मास्क खाली करायला सांग. तीच आहे एवढं सांग. मग मी दार उघडंच ठेवतो, जन्मभर.

नाही म्हणायचं होतं. त्यांचे हात बघून हो म्हटलं.

२२ एप्रिल
भर दुपार. टकटक झाली. मास्क चढवला, साखळी लावून दार उघडलं. अगदी फटीला लागून उभ्या. म्हटलं, काकू, जरा मास्क खाली करा. काकांसाठी.

"तू आधी."

मी केला. का केला —

मग त्यांनी केला. फोटोतली बाई नाही. फट नाही, खळी नाही, कुणाचीच ओळख नाही त्या चेहऱ्यात. ओठ मिटलेले. हलत नव्हते. आणि त्यातूनच आवाज, कणकवलीचा, मायेचा — "बघितलंस?"

दार आपटलं. कडी घातली.

आता समोर टकटक. "ओ, ऐकलात? दार उघडा." काका जागे झाले. कुंदा, कुंदा म्हणतायत. रडतायत. मी आतून ओरडतेय, काका उघडू नका, ती नाही, ती नाही —

समोरची कडी निघाली.

काहीच आवाज नाही.

दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहितेय. पोलिसांना फोन लावला, लागत नाही —

माझ्या दारावर टकटक. सीतारामकाका. बेटा, उघड, कुंदाच आहे, मी बघितली, म्हणतायत. आवाज त्यांचाच. थकलेला, कफाचा.

दाराच्या भिंगातून बघितलं. काका एकटेच. मास्क लावलाय. कापड सपाट, हलत नाही.

मी म्हटलं, काका, जरा मास्क

ते म्हणाले, तू आ