छबूची झोप

६ फेब्रुवारी १९४९, रविवार

आजही तोच विषय. छबू रात्री रडते, ह्यांचा अभ्यास मोडतो, म्हणून तिला अफूचं बोट चाटवायचं. सासूबाई अशा थाटात सांगतात की जणू गुटीच उगाळायची आहे. "दत्तूला मी दीड वर्ष दिली. काय झालं त्याला?" दत्तू म्हणजे हे. काय झालं ते मी रोज बघतेच आहे, पण तसं बोलता येत नाही. तोंडाने एवढंच म्हटलं, "माझ्या लेकीला अफू नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही."

ह्यांची परीक्षा एकोणीसला. शाळा, कॉलेज, कचेरी, सगळा जन्म उर्दूत गेला. आता कचेरीत नवे साहेब आलेत, त्यांना मसुदे इंग्रजीत हवेत. नापास झाले तर नोकरीवर गदा. हे सगळं खरं. पण दोन महिन्यांच्या पोरीला कसं सांगू, राज्य बदललंय, आता रडू नकोस म्हणून?

८ फेब्रु., मंगळ.

सासूबाई (पुढे नुसतं सा. लिहीन, कंटाळा येतो) आज चक्क गोड. डिंकाचे लाडू वळले. माझा डबा वेगळा. "बाळंतिणीचे आहेत, कुणाला हात लावू देऊ नकोस. सकाळी एक, संध्याकाळी एक." जरा कडवट लागले. मेथी जास्त झाली म्हणाल्या. असो. भांडण मिटलं म्हणायचं.

१० फेब्रु., गुरु.

तोंडाला सारखी कोरड. तांब्याभर पाणी प्यायले तरी तीच. दुपारी पोळ्या लाटताना हसू फुटलं, कशाचं ते आठवेना. मग रडू. तव्यावरची पोळी जळली आणि मी नुसती बघत उभी. बाळंतपणानंतर कुणाकुणाचं डोकं फिरतं म्हणतात. माझं तसं तर

छबू शांत. कालपासून रडलीच नाही. हे खूश, मोठमोठ्याने इंग्रजी वाचतात.

१२ फेब्रु., शनि.

छबू उठत नाही. पाजायला घेतली की दोन घोट, मग तोंड उघडं, दूध गालावरून खाली. तळव्यांना गुदगुल्या केल्या, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. डोळे अर्धे उघडले, पुन्हा मिटले. हात उचलून सोडला तर लटकन खाली पडला.

सा.ना दाखवलं. "शहाणं झालं गं बाळ!"

हे म्हणाले, "रडली तरी तुझी कटकट, झोपली तरी कटकट."

मला भीती वाटते. आणि भीतीसुद्धा धड टिकत नाही, मधेच कुठे जाते कळत नाही.

१३ फेब्रु., रवि.

आजचं आजच लिहिणार.

संध्याकाळी ह्यांना भूक लागली. मी छबूपाशी होते. ह्यांनी माझ्या डब्यातले दोन लाडू चहाबरोबर फस्त केले. दिवेलागणीनंतर पुस्तक घेऊन बसले आणि हसायला लागले. "आय बेग टु स्टेट" एवढंच वाचायचे आणि पोट धरून हसायचे. मग म्हणाले, भिंत मागे सरकली. सा. स्वयंपाकघरातून आल्या, ह्यांचे लाल डोळे पाहिले, उघडा डबा पाहिला, आणि ओरडल्या, "अरे देवा! तिच्या डब्यातले कशाला खाल्लेस? माजूम आहे त्यात!"

माजूम! तुपात कढवलेली भांग, साखरेच्या पाकातली. सा. वाताच्या दुखण्यासाठी जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडून आणतात. डबी फळीवर असते, मी रोज पुसते ती.

मग लेकासाठी काय धावाधाव! लिंबाचं पाणी, चिंचेचं पाणी, डोक्यावर ओला पंचा, देवापुढे दिवा. "दत्तू, माझ्याकडे बघ रे राजा." पाळण्यात पाच दिवस निपचित पडलेल्या पोरीकडे एकीनेही वळून पाहिलं नाही. एकीनेही म्हणजे त्यांनीच. घरात दुसरं आहे कोण?

मी विचारलं, का केलंत?

"पोराला द्यायची नाही म्हणालीस ना? नाही दिली. तुला दिली. दुधातून जाते थोडी, बाळ निजतं. एका रात्रीत उतरतं सगळं."

वर माझाच शब्द पाळल्याचा आव! तळपायाची आग मस्तकात गेली. डबा उचलून अंगणात भिरकावला. मोठ्याने बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा. आणखी बोलायला हवं होतं.

१४ फेब्रु., सोम.

जनाना दवाखान्यात गेले. हे बरोबर आले, बरं वाटलं. ते वाटणं किती टिकलं? डॉक्टरीणबाईंपुढे बसल्या बसल्या ह्यांचा पहिला प्रश्न, "डॉक्टरसाब, इम्तिहान तक उतर जाएगा ना?" पोरगी माझ्या मांडीवर, मान टाकून.

बाईंनी ह्यांना झटकलं. "आप का उतर गया. बच्ची को देखने देव."

छबूचा श्वास ठीक आहे. वजन उतरलंय. तासातासाने जागी करून पाजायची, पण माझं दूध नाही. मी विचारलं, कितने दिन?

"मालूम नहीं अम्मा. किताब में नहीं है. किसी ने पूछाच नहीं." मग म्हणाल्या, "ये चीज घी में उतरती. तो बदन की चरबी में बी बैठती होगी, दूध में बी. नशा जल्दी जाता. चीज कब जाती, मैं कैसे बोलूं?"

बाईंचाही राग आला. त्यांचा काय दोष? पण इतक्या पोरी-बाळंतिणी ह्या दवाखान्यात येऊन गेल्या, एकीच्याही दुधाची चौकशी कुणाला करावीशी वाटली नाही?

१६ फेब्रु., बुध.

गवळ्याकडून शेळीचं दूध. पाणी घालून उकळते, बोंडल्याने पाजते. अर्धं बाहेर येतं. माझी छाती दगड झालीय, ताप आहे. पिळून काढते आणि मोरीत ओतते.

सा. दारात. "दूध मोरीत? पाप लागेल."

"लागू दे. तुमच्या शेजारी बसेन."

बोलून गेले. पश्चात्ताप नाही.

माझ्यापुरती शेगडी पेटवली. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. त्यांनी समोरच्या काकूंना सांगितलं, सुनेने चूल वेगळी केली. का केली ते नाही सांगितलं.

छबू आज रडली. पहिल्यांदा नीट, घसा फोडून. मी तिला धरून बसले आणि रडू दिलं. हे पुस्तक घेऊन गच्चीत गेले.

१९ फेब्रु., शनि.

ह्यांची परीक्षा. सा.नी हातावर दही घातलं. मी नमस्कार केला नाही.

संध्याकाळी हे खुशीत, पेपर बरा गेला. जवळ येऊन म्हणाले, "माझ्या अंगातून दुसऱ्या दिवशी गेलं. तुझंही गेलंच असणार. पाज की आता. आईचा हेतू काही वाईट नव्हता."

तुम्ही दोन खाल्लेत, मी रोज दोन. आणि ज्यांचा हेतू वाईट नव्हता त्यांनी मला सांगितलं का नाही? "सांगितलं असतं तर तू खाल्ले असतेस?" म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघत, अगदी सरळपणाने. ह्या माणसाबरोबर जन्म काढायचाय.

२२ फेब्रु., मंगळ.

पुन्हा दवाखाना, एकटीच गेले. वजन किंचित वाढलंय. बाई म्हणाल्या, दूध आटायच्या आत ठरव. "थोडा पिला के देखो. फिर बच्ची को देखते बैठो."

म्हणजे कसोटी पोरीवरच. दुसरा मार्ग विचारला. नाही म्हणाल्या.

२५ फेब्रु., शुक्र.

सकाळी पाजलं. ती विसरली असेल वाटलं होतं, पण दोन्ही मुठींनी पदर धरून प्यायली. मला रडू आलं. मग ती झोपली.

बघत बसले. पोट वरखाली होतंय. ओठ मधेच चोखल्यासारखे हलतात. हात उचलून सोडला, पडला. पण झोपलेल्या मुलाचा हात पडतोच ना? आधी कसा पडायचा? छबूची साधी झोप कशी होती ते मला आठवतच नाही. सा.नी तेही नेलं.

तळव्याला टिचकी मारली. हलली नाही. पुन्हा मारली, जोरात. दचकून उठली आणि किंचाळली, पाय लाल.

सा. स्वयंपाकघरातून ओरडल्या, "निजलेल्या लेकराला मारतेस? आई आहेस की कोण?"

हे धावत आले. तिला माझ्याकडून घेतली, खांद्यावर थोपटलं. दोन मिनिटांत पुन्हा झोपली. "बघ," म्हणाले, "साधी झोप आहे." पाळण्यात ठेवून गेले.

साधी असेल. मी पाळण्याशी बसले आहे. हे लिहून झालं की पुन्हा उठवणार.