तीस सेकंदांची परवानगी

पिएत्राफोस्का, ६ मार्च २०२५

प्रिय लिबेरा हिस,
अ. उ. आ. मठात राहणाऱ्या नणंदेला आशीर्वाद द्यावेत की तिच्याकडून घ्यावेत, हे मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही. वयानं मी मोठी, म्हणून देते.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी चुलीतली राख काढली, कोंबड्यांना कोंडा भिजवून घातला आणि शेंगा निवडायला बसले. तेवढ्यात तुझा भाऊ निकांद्रो लग्नातला काळा कोट घालून बाहेर आला. पहिला गुरुवार होता, तुमच्या मठातली बॅटरी बघायला निघाला होता. मी विचारलं, की विजेच्या कामाला लग्नाचा कोट कशाला. तो म्हणाला, की ती पेटी गबाळ्या माणसाचं ऐकत नाही. मी बारा अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि तो साडेसातच्या बसनं गेला. चार वर्षं हे असंच चाललं. आज पुन्हा पहिला गुरुवार, म्हणून आठवलं.

तुझं पत्र मिळालं. उपवासकाळात तुम्ही फोन घेत नाही हे एका अर्थी बरं, कारण हे तोंडानं सांगणं मला जड गेलं असतं. तू निकांद्रोचा फोन मागितलास. तुमच्या गावचा वायरमन म्हणतो, की पेटी फक्त त्याच फोनचं ऐकते. लिबेरा, तो फोन माझ्याकडे नाही. निकांद्रोकडेच आहे. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, माणसाचा हात रोज ज्याकडे जायचा ते त्याच्याबरोबर द्यायचं. मी चष्मा दिला, तंबाखूची डबी दिली, आणि कोटाच्या आतल्या खिशात फोन. शवपेटीवर झाकण ठेवताना कार्मिने सुतारानं विचारलं, की फोन बंद करू का. मी म्हटलं कर, चर्चमध्ये वाजायला नको.

मला काय माहीत की तुमच्या मठाची किल्ली त्यात आहे. पण बॅटरीच्या पेटीबरोबर आलेलं पुस्तक त्याच्या कपाटात सापडलंय. आपल्या तळघरातली पेटी आणि तुमची, दोन्ही एकाच जातीच्या. वाचते आणि कळवते.

लोभ होता तेवढा राहू दे, मला चालेल.
पालमीरा

•

मोंतेचेल्सो, ११ मार्च २०२५

ती. पालमीरावहिनींस,
लिबेराचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी जेवणघरात सगळ्यांना वाचून दाखवलं. मदर गेर्त्रूदे आधी गंभीर झाल्या. मग म्हणाल्या, की मृतांना उठवायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी निकांद्रोलाच बोलावणं पोचेल. रागावू नका, आम्ही फार दिवसांनी हसलो.

हसण्यासारखं मात्र थोडंच आहे. मिस्सेच्या प्रसादाच्या चकत्या आम्ही पहाटे पाचला भाजतो, तेव्हा छतावरच्या सौरपट्ट्यांना ऊन नसतं. दोन्ही तवे एकदम तापवायला जोडणीची वीज पुरत नाही, वर लागणारी बॅटरी देते. जानेवारीत पाणी तापवायची नवी टाकी बसवली आणि तेव्हापासून संध्याकाळीच ती बॅटरी पिऊन टाकते. पेटीला सांगायला हवं की पहाटेपर्यंत राखून ठेव. सांगणारा निकांद्रो होता. आता पाचला तवे लावले की मठभर काळोख, आणि तव्यांतला पातळ थर मऊ, पांढरा, चिकट. तो मोडत नाही, वाकतो. असली चकती कुठलाही पाद्री हातात धरणार नाही.

रविवारी आमच्या मठांच्या संघाच्या मोठ्या मदर येऊन गेल्या. बाई वाईट नाहीत. पण सांगून गेल्या, की अकरा चर्चना ईस्टरच्या चकत्या लागतात, महिनाअखेरपर्यंत आमचं काम सुरळीत झालं नाही तर ते उत्तरेकडच्या कारखान्याला द्यावं लागेल. आणि काम नसलेला पाच जणींचा मठ कोण चालू ठेवतो? आम्हाला तीन ठिकाणी वाटून टाकतील. आमच्यातली सर्वांत धाकटी सिस्टर अग्नेझे एकसष्ट वर्षांची आहे. मी एकोणिसाव्या वर्षी या दारातून आत आले, वहिनी. दुसरं दार मला माहीत नाही.

वायरमन म्हणतो, पेटी उपटून टाका. तुम्ही वाचून सांगेपर्यंत मी त्याला थांबवलंय.

तुमच्या लोभातच आहे,
लिबेरा

•

पिएत्राफोस्का, १५ मार्च २०२५

प्रिय लिबेरा हिस, अ. उ. आ.

वायरमनला सांग, की घरी जाऊन झोप.

पुस्तक छप्पन्न पानांचं आहे, अक्षर मुंगीएवढं. मी दोनदा वाचलं. पाचवी इयत्ता सोडून साठ वर्षं झाली, पण वाचायचं मी सोडलेलं नाही. अडलेले शब्द वाचनालयातल्या शब्दकोशात पाहिले. तिथली पोरगी म्हणाली, की पालमीराआजी, एखादी छान कादंबरी न्या की. मी म्हटलं, यातही शेवटी काय होतं ते कळायचंय.

पान एकतिसावर सगळं आहे. पेटी कुणा एका फोनची नसते. तुमच्या मठाच्या वायफायवर असलेल्या कुठल्याही फोनमधलं ॲप तिच्याकडे परवानगी मागू शकतं. मागितली की पेटीवरचा दिवा लुकलुकतो, आणि तीस सेकंदांच्या आत कुणीतरी पेटीवरचं बटण हातानं दाबायचं. एवढंच. दाबलं की ते ॲप पेटीच्या ओळखीचं झालं, मग पेटी त्याचं ऐकते. नाही दाबलं तर परत पहिल्यापासून. म्हणजे मागणारा घराच्या आत असला पाहिजे आणि होकार देणाराही. बाहेरचा कितीही शहाणा असला तरी उपयोग नाही. मला ही रीत आवडली. पाहुण्यांना भेटायच्या तुमच्या जाळीच्या खिडकीसारखीच आहे.

तुला लिहिण्याआधी आपल्या तळघरात करून पाहिलं. दोनदा फसले. खाली वायफाय पोचत नाही, भिंती दीड हात जाड. म्हणून वर स्वयंपाकघरात परवानगी मागायची आणि चौदा पायऱ्या उतरून बटण दाबायचं; माझा गुडघा तीस सेकंदांत नवव्या पायरीपर्यंतच जातो. हे दोघांचं काम आहे. अजूनही मी ओव्हन लावला की खाली निकांद्रोला ओरडून सांगते, की धुलाईयंत्र लावू नकोस, वीज जाईल. उत्तर येत नाही, आणि वीजही जात नाही.

शेवटी शेजारच्या रोझारियाला बोलावलं. निकांद्रोच्या मातीनंतर मी तिच्याकडे गेले नव्हते. तिनं वरून फोनवर बोट लावलं आणि अशी किंचाळली की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. मी बटण दाबलं. दिवा हिरवा झाला.

तुमच्या कचेरीत पाहुण्यांच्या नोंदीसाठी टॅबलेट आहे ना, तो चालेल. एकीनं वर मागायचं, एकीनं खाली दाबायचं. आमच्यासारखं किंचाळायचं कसं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पान एकतिसावर अजून एक गोष्ट आहे. ती तुमचं काम झाल्यावर लिहीन.

तुझ्यासाठी मेणबत्ती लावली आहे. गुण पुस्तकाचा, पण लावली.
पालमीरा

•

मोंतेचेल्सो, २२ मार्च २०२५

ती. पालमीरावहिनींस,
सा. न. वि. वि.

झालं. आधी हे सांगते, मग बाकीचं.

आमची पेटी जुन्या पाण्याच्या टाक्याजवळ, दोन मजले खाली. वायफाय फक्त कचेरीपुरतं. आणि उपवासकाळात जेवणघराबाहेर मौन, त्यामुळे किंचाळण्याचा प्रश्नच नाही. मदरनी योजना केली: अग्नेझेनं टॅबलेटवर मागितलं की मदर लहान घंटा एकदा वाजवतील, आणि खाली मी बटण दाबेन. मी पेटीपुढे बोट तयार ठेवून उभी राहिले. घंटा झाली. वहिनी, घंटा झाली की हातातलं टाकून हात जोडायचे, ही एक्कावन्न वर्षांची सवय. मी डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा दिवा विझलेला. वर आले तर मदर दोरी हातात धरून प्रार्थनेतच, आणि अग्नेझे गुडघ्यांवर. दुसऱ्यांदाही हेच झालं. तिसऱ्या वेळी मी दाबलं, पण वर अग्नेझे मागायच्या आधीच घंटा झाली होती.

मग स्वयंपाक बघणाऱ्या सिस्टर पिआनं, ब्याऐंशी वर्षांच्या, तांब्याचं पातेलं आणलं आणि पळीनं वाजवलं. त्या आवाजाला आमच्याकडे कुठलीच प्रार्थना नाही. मी बटण दाबलं.

अग्नेझेनं पेटीला पहाटेपर्यंत बॅटरी राखायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाचला दोन्ही तवे लागले, दिवे तसेच राहिले. पहिला थर उचलला आणि तो वाळक्या पानासारखा कट्कन मोडला. आम्ही पाचही जणी तो आवाज ऐकत उभ्या होतो. अकरापैकी चार चर्चचं काम काल गेलं, उरलेलं मंगळवारी जाईल. मोठ्या मदरना मी स्वतः लिहिलं, की हे आमच्या वहिनीनं पुस्तक वाचून शिकवलं, वायरमननं नव्हे. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, की काम चालू ठेवा.

सोबत चकत्या कापून उरलेली कात्रणं पाठवते. मंतरलेली नाहीत, खुशाल खा.

एक विचारायचं आहे. टॅबलेटवर परवानगी दिलेल्यांची यादी दिसते. अग्नेझेच्या वर 'निकांद्रोचा फोन' असं आहे. मदर विचारतात, ठेवायचं की काढायचं. हे तुम्हीच सांगायचं.

तुमची,
लिबेरा

•

पिएत्राफोस्का, २६ मार्च २०२५

प्रिय लिबेरा हिस, अ. उ. आ.

कात्रणं कॉफीबरोबर खाल्ली, मूठभर रोझारियाला दिली. गावभर सांगितलं. बेकरीत सांगितलं, पोस्टात सांगितलं, पाद्रीबाबांना दोनदा सांगितलं. इतकी वर्षं लोक म्हणत आले, की पालमीरा वाचते खूप, पण करणार काय त्याचं. आता म्हणत नाहीत.

पान एकतीस. खालच्या ओळीत लिहिलंय, की परवानगी हवी तितक्या फोनना देता येते, पहिल्या दिवसापासून. ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित आहे. रेघ निकांद्रोची, पट्टी न लावता मारलेली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. तीस सेकंदांत तो तुमच्या हातात सगळं देऊ शकला असता. त्याऐवजी चार वर्षं आपल्याला सांगत राहिला, की काम किचकट आहे.

मी शेंगा सोलत होते. आधी राग आला. मग त्याचा काळा कोट आठवला आणि राग गेला.

मी कधीच त्याच्याबरोबर आले नाही. कोंबड्यांचं निमित्त सांगायचे. आणि तू त्याच्या मातीला आली नाहीस, याचा मला राग होता. तुला मठाबाहेर यायला दार नाही हे माहीत असूनही होता. आता लिहिला, म्हणजे कागदावर गेला.

नाव काढून टाक. बायकांच्या घराची किल्ली गेलेल्या माणसाकडे राहू नये. पण तूच काढ, दुसऱ्या कुणी नको.

लोभ वाढला तरी माझी हरकत नाही.
पालमीरा

•

मोंतेचेल्सो, २९ मार्च २०२५

ती. पालमीरावहिनींस,
सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. दुसऱ्याच वर्षी अग्नेझेनं आमच्या पुस्तकातलं ते पान मला वाचून दाखवलं होतं. मी तिला म्हटलं, मिटून ठेव. तिनं मिटून ठेवलं, इतकं नीट की या जानेवारीत शोधूनही सापडलं नाही, आणि काय दाबायचं ते दोघींना आठवेना.

तो यायचा, जाळीपलीकडच्या बाकावर बसायचा, पाच मिनिटं फोनवर बोट फिरवायचा आणि मग तासभर बोलायचा. बहुतेक तुमच्याबद्दल. वाचनालयाचं तिसरं कपाट तुम्ही संपवलंत हे मला त्याच्याकडूनच कळलं. आमच्या घराण्यात एवढं वाचणारं माणूस आलं नाही, असं म्हणायचा. तुम्हाला हे सांगितलं नसणार. आम्ही भावंडं तशीच.

अकराही चर्चचं काम गेलं. मोठ्या मदरनी पुढच्या वर्षाचंही काम आमच्याकडेच ठेवलं आहे. निकांद्रोचं नाव मी काढलं. आता पेटीला बाहेरच्या कुणाची गरज नाही.

अग्नेझेनं मात्र येत्या बुधवारी त्याचा बाक पुसायचं ठरवलंय. सवय, म्हणते.

तुमची,
लिबेरा

•

हे पत्र मला बुधवारी दुपारी मिळालं. त्याला मी उत्तर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिला गुरुवार होता. मी चुलीतली राख काढली, कोंबड्यांना कोंडा भिजवून घातला, बारा अंडी वर्तमानपत्रात गुंडाळली, चांगला कोट घातला आणि साडेसातची बस धरली.