घरभर एकच मेल

बोरिवली,
३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
वसुधाचा सा. न. वि. वि.

परवा फोन मीच आपटला, कबूल. चाळीत भिंतीपलीकडे ऐकू जायचं म्हणून बाबांनी आपल्याला भांडणं कागदावर करायची शिस्त लावली, तीच बरी होती. तेव्हा आता मी लिहिते, तू वाच.

तुझी मेलवाली कंपनी महिनाअखेर मेल बंद करतेय. तिने तीनदा कळवलं, तू ढिम्म. माझ्या गार्गीने चार रविवार तुझ्यापायी घालवले. स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेतला की पुढे कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो, हे तिने तुला बाराखडीसारखं घोटवलं. तुझं आपलं चालूच. फुकट देणारी पत्रं वाचते, विकत देणारी भाव वाढवेल, परदेशी नको, इथली वीस वर्षं टिकेल का. अरे, माझं लग्न ठरवताना तरी एवढी चौकशी करायचीस. एकदा कसाबसा फॉर्म भरलास, तर पासवर्ड विसरल्यास दुसरा पत्ता कुठला, तिथे हाच बंद होणारा दिलास. गार्गीने कपाळाला हात लावला.

खरं कारण मला कळतं. सुशांतला घर सोडून नऊ वर्षं झाली. भांडुपची खोली रिडेव्हलपमेंटमध्ये गेली, तू नाहूरला आलास, फोन नंबरही बदललास. पोराकडे तुझा म्हणून हा एकच पत्ता उरलाय. पण दादा, तू धरून बसलास म्हणून कंपनी थांबणार आहे का?

शेवंतीवहिनीला नमस्कार. उत्तर लिही, फोन नको.
तुझी वैतागलेली,
वसू

नाहूर,
९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वसूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गो, तू आणि तुझी लेक मिळून माझं डोकं खाताय. त्यात आता वेबसाइट काढा म्हणे, नाव शोधणाऱ्याला सापडेल. आत लिहू काय? सहदेव घाडी, छापखान्यातला निवृत्त कंपोझिटर, अजून जिवंत?

नवा पत्ता घेऊन सुशांतला कळव, म्हणशील. कळवेन, पण पोचेल कशावरून? जाताना त्याने कुठल्याशा नव्या पत्त्यावरून एक ओळ धाडली होती, जातो म्हणून. त्याच पत्त्यावर मी दर वाढदिवसाला लिहितो. उत्तर येत नाही, पण मेल परतही येत नाही. तो वाचतो की नाही, देव जाणे. उद्या कधी वाटलं त्याला, तर तो शाळेपासून पाठ असलेला जुनाच पत्ता लिहिणार. आणि त्याला मशीनचं उत्तर जाणार की असा कोणी इथे नाही. माझ्या पोराला असं उत्तर, वसू. ते मला सहन होत नाही, म्हणून मी अडून बसलोय. आता हस.

शेवंतीचे गुडघे दुखतात, बाकी ठीक.
आशीर्वाद आहेतच,
दादा

बोरिवली,
१४ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसले नाही. रडले, आणि मग तुझाच राग आला, आणि माझाही.

सुशांत मला फोन करतो. चार वर्षं झाली. जुहूला एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे, तब्येत चांगली आहे. तुला सांगायचं नाही अशी शपथ त्याने घातली होती, ती आज मोडली. तुझे वाढदिवसाचे मेल तो वाचतो. पण तुझा तो पत्ता दिसला की त्याची बोटं थांबतात, म्हणाला.

का, ते तुला ठाऊक आहे. तू घरभर एकच मेल ठेवलास, रेशनकार्डासारखा, आणि पासवर्ड तुझ्या ताब्यात. त्याला बोटीवरच्या किचनची नोकरी लागल्याचं पत्र तिथे आलं. पोरगं समुद्रावर नको म्हणून तू त्याच्याच नावाने नकार कळवलास. कंपनी कुठलीही निवड रे, वीस वर्षं टिकणारी निवड. हे कोण दुरुस्त करणार?

रागाव, पण बोलणं टाकू नकोस.
वसू

नाहूर,
२० ऑगस्ट २०२५

चि. सौ. वसूस,
अ. उ. आ.

चार वर्षं. दर गणपतीला माझ्या पंक्तीला जेवलीस आणि तोंडातून अक्षर काढलं नाहीस. शेवंतीला तुझी बातमी सांगितली, मग नकाराचंही सांगितलं. तिला वाटायचं, बोटवाल्यांनीच नाही म्हटलं. ती आता माझ्याशी बोलत नाही, आणि बरोबरच आहे.

रविवारी गार्गी आली. तिच्या यादीतली पहिली कंपनी घेतली, एकही प्रश्न विचारला नाही. पोरगी मला ताप आहे का बघत होती. वेबसाइटवर नाव, नाहूरचा पत्ता आणि फोन टाकला, पुरे तेवढं.

विकत घेतलेल्या एका नावावर बरीच मेलखाती निघतात म्हणाली, म्हणून सुशांतचं वेगळं काढलं. ती त्याचा पासवर्ड घालत होती तेव्हा मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिने तो कागदावर लिहून पाकीट चिकटवलं, ते सोबत आहे. जुहूला जाऊन त्याच्या हातात दे. मी फोडलेलं नाही, एवढं सांग. त्याचा विश्वास बसणार नाही. तर म्हणावं, आधी पासवर्ड बदल, मग वाटलं तर लिही.

तुझ्यावर रागावलेला, तरी तुझाच,
दादा